दुसरं खाचर

बसा, बसा मंडळी. मागं दाराशी उभे आहेत त्यांनीही पुढं या, सतरंजीवर जागा आहे. झोडणी अर्धी टाकून आलाय तुम्ही. डोक्यावरचा भुसा झटकायलाही कुणी थांबलेलं दिसत नाही. सुभेदार असते तर ओरडले असते, "आदी भात घरात घ्या, मंग माझ्यासाठी रडा!"

मी हुसेन तांबोळी. पौडला माझं दोर, घमेली, फवारणीचे पंप असलं सामान विकायचं दुकान आहे. गिऱ्हाइकाशी बोलून पोट भरणारा माणूस मी, बोलणं मला नवं नाही. पण आजचं बोलणं वेगळं आहे. सकाळी पेपर आला तो घडी न मोडता बाकड्यावर ठेवून दिला. घडी मोडायचा मान सुभेदारांचा होता. दुपारपर्यंत तो तसाच पडून होता, आणि मला तिकडं बघवत नव्हतं.

बाहेरून आलेल्यांसाठी सांगतो. सुभेदार ज्ञानोबा ढमाले याच कोळवण खोऱ्यातले. उमेदीची सगळी वर्षं लष्करात गेली. श्रीलंकेत आपली शांतिसेना गेली, तिच्याबरोबर हे गेले होते. पेन्शनीत आल्यावर वाडीत भात लावायला लागले. गेल्या आठवड्यात खळ्यावर काम करता करता पाणी प्यायला म्हणून बसले, ते उठले नाहीत. एवढंच झालं. कुणाला त्रास नाही, कुणाची धावपळ नाही.

आता माझ्याआधी सरपंच बोलले, गुरुजी बोलले. छान बोलले. पण दोघंही म्हणाले, सुभेदार म्हणजे न बोलावता मदतीला धावून जाणारा माणूस. मंडळी, खरं सांगतो, मला बसल्या जागी राग आला. माणूस गेला की आपण त्याला लगेच शेंदूर फासतो. मग तो कुणाचाच राहत नाही. सुभेदार न बोलावता धावून जायचे, हे खरं. पण पुढं ते जायचे थांबले. आणि ते थांबणं त्यांना धावण्यापेक्षा कितीतरी जड गेलं. ते मी जवळून पाहिलंय, म्हणून मी उभा राहिलो.

जे सांगणार आहे ते सुभेदारांच्या घरी, वहिनींना विचारून सांगतोय. त्यांच्या शेजारच्या हौसाबाईंनाही विचारलंय. त्या तिकडं खांबाशी बसल्या आहेत. कुणी वळून वळून बघू नका, त्यांना ते आवडत नाही.

तर आमच्या दुकानापुढचं बाकडं. तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. सकाळी सुभेदार एसटीनं आले की तिथं पेपर वाचायचा, आणि एकेका बातमीचा कीस पाडायचा. अमेरिकेनं इराकवर फौज घातली, ते दिवस आठवा. टीव्हीवर रात्रंदिवस तेच. बाकड्यावरही तेच. त्या दिवसांत काही गिऱ्हाइकं मला उगाच डिवचायची. "काय तांबोळी, तुमच्या लोकांचं लई अवघड झालं!" मी गप्प बसायचो. दुकानदाराला गप्प बसावं लागतं. एकदा सुभेदारांनी पेपर खाली ठेवला आणि म्हणाले, "ह्येचे लोक हितं पौडात हायेत. आन ह्येला बगदाद कुटं हाय इचारलं तर ह्यो भोरकडं बोट करंल." सगळे हसले. मीही हसलो. पण त्यानंतर तो प्रश्न मला कुणी विचारला नाही.

माझ्या माडीवर पाटील भाड्यानं राहतात, लातूरकडचे, हिंजवडीत कंपनीत आहेत. आज रजा टाकून आलेत. पाटील रोज सांगायचे, "अहो सिंपल आहे! ऑइल! बाकी सगळी नाटकं." आम्ही माना डोलवायचो. लढाईला दोनेक वर्षं झाली तरी फौज तिथंच. रोज माणसं मरतायत, त्यांची आणि ह्यांचीही. एके दिवशी पाटलांनी पुन्हा ऑइल काढलं, तेव्हा सुभेदार म्हणाले, "तेल हाय की. न्हाई कोन म्हनतं? पन पाटील, नुसतं तेल न्यायला गेलेला मानूस तेल घिऊन घरला येतो. ह्यो येत का न्हाई?"

पाटील म्हणाले, "तिथं बेस पाहिजेत, कॉन्ट्रॅक्ट असतात, स्ट्रॅटेजी असते..."

"आसंल. समदं आसंल. पन ह्यो तितं बसलाय तो दुसऱ्या खाचरासाठी."

आम्ही एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागलो. बगदादात कुठलं आलंय भाताचं खाचर? मग त्यांनी आम्हाला जे सांगितलं, ते मी आज तुम्हाला सांगतोय.

लढाई सुरू झाली त्याच वर्षीचा जून. हौसाबाईंचे मालक आदल्या हिवाळ्यात वारले होते. त्यांची दोन खाचरं सुभेदारांच्या बांधाला लागून. अगदी रस्त्याकडेची. जमीन घ्यायला फिरणाऱ्या पुण्याच्या लोकांच्या जीपगाड्या तिथं थांबायच्या, उतरून कुणी फोटो काढायचं, कुणी पावलांनी जमीन मोजायचं. आणि सुभेदारांनी त्याच वर्षी पॉवर टिलर घेतला होता. वाडीतला पहिला. त्याची पूजा झाली, पेढे झाले, मलाही पेढा मिळाला होता.

एक दिवस हौसाबाई रेशन आणायला कोळवणात गेल्या. सुभेदारांनी पाहिलं, आजूबाजूची नांगरट सुरू झालीय आणि हिचं रान तसंच पडलंय. त्यांनी टिलर चालू केला आणि बांध ओलांडून थेट हिच्या खाचरात घातला. कुणाला विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? मदतच तर करायची होती!

खाचराच्या एका कोपऱ्यात हौसाबाईंनी राब भाजून भाताचं बी पेरलं होतं. आपल्याकडं हे शेंबड्या पोरालाही कळतं. पालापाचोळा, शेण जाळून काळी झालेली जमीन दिसली की तिथं पाय ठेवायचा नाही, तिथं वर्षाची रोपं आहेत. सुभेदारांना कळलं नाही. मी विचारलं, "काळी जागा दिसली न्हाई?" म्हणाले, "दिसली. वाटलं, कचरा पेटवला आसंल. माझा राब तर हीच भाजते, मी कवा बघितलाय?" हीच म्हणजे वहिनी. बरोबर ना, वहिनी?

पहिलं खाचर उलटंपालटं झालं, राब मातीत गेला, आणि तेवढ्यात हौसाबाई आल्या. डोक्यावरची पिशवी टाकून बांधावरून पळत आल्या. "बंद करा! बंद करा त्ये!" असं ओरडत.

इथं बाकड्यावर सुभेदारांनी आवाज खाली आणला होता. मग म्हणाले, "इंजिनाचा आवाज व्हता, तांबोळी. मी सगळ्यास्नी तेच सांगितलं, इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं न्हाई. पन मला ऐकू आलं व्हतं. चांगलं ऐकू आलं व्हतं. आन मी दुसऱ्या खाचरात टिलर घातला."

"का?" मी विचारलं.

"तितंच बंद केला आस्ता, तर वाडीला दिसलं आस्तं की सुभेदार चुकला. म्हनलं, दुसरं तरी झ्याक करून देऊ. म्हंजी लोक म्हनतील, जरा इस्कटलं, पन बाईचं काम करून दिलं."

दुसऱ्या खाचरात जाताना मधला बांध फोडला त्यांनी. वरचं पाणी खाली, खालची माती ओढ्याला.

मंडळी, खरी गंमत पुढं आहे. हौसाबाईंची इर्जिक आधीच ठरली होती. पाटलांसारख्यांना हा शब्द नवा असेल. ज्याचं रान त्यानं घरोघर निरोप धाडायचा, लोकांनी आपापले बैल, आपापली अवजारं घेऊन जायचं, तो वाढील ते जेवायचं, आणि दिवस मावळला की आपापल्या घरी. पैसा नाही, हिशेब नाही. पुढच्या आठवड्यात सगळी वाडी तिच्या रानात उतरायची होती. निरोप सगळ्यांना गेला होता, एक सुभेदारांचं घर सोडून. का? वहिनींनी पुढं कधीतरी विचारलं, तेव्हा हौसाबाई म्हणाल्या, "त्यांना काम सांगायची सोय न्हाई वो. त्येच समद्यांना सांगत बसत्यात."

हसा, हसा. सुभेदारसुद्धा हे हसून सांगायचे. पण त्या वर्षी ते हसत नव्हते. त्या वर्षी ते माझ्या दुकानात येऊन धुसफुसत होते. माझं डिझेल गेलं, माझा दिवस गेला, आणि वर मलाच शिव्या! लोकही म्हणायचे, खरंच की, बाईला किंमत नाही. मग सुभेदारांनी स्वतःच्या रोपांचा भारा बांधून तिच्या बांधावर नेऊन ठेवला. तोही न विचारता. हौसाबाईंनी त्याला हात लावला नाही. भारा तिथंच पिवळा पडला, वाळला. त्यांनी पदर पसरला तो दुसऱ्या बायकांपुढं, आणि ज्या त्या घरातून उरलेली रोपं आणून एक खाचर लावलं. दुसरं त्या वर्षी पडीक राहिलं. आणि रान पडीक दिसलं म्हटल्यावर जीपगाड्यांचा मुक्काम वाढला. बाईवर रान विकायची वेळ येऊ नये म्हणून गेले, नेमकी त्याचीच वाट सुभेदारांनी मोकळी करून दिली होती. हौसाबाईंनी विकलं नाही ही त्यांची हिंमत. त्यात सुभेदारांचा काही वाटा नाही.

हे सगळं बाकड्यावर ऐकल्यावर पाटलांनी विचारलं, "पण काका, तुम्ही गेलात कशासाठी? तिथं तर ऑइल नव्हतं."

सुभेदारांनी पेपरची घडी घातली. मग तुटक तुटक बोलत गेले. म्हणाले, मी लई दिवस तेच हुडकतोय. कणव व्हती. खोटं न्हाई सांगत, बाई येकटी पडली म्हणून जीव तुटत व्हता. पन निस्ती कणव आस्ती तर मी आदी तिच्या दारात जाऊन बसलो आस्तो. नवा टिलर व्हता. घरात नवं हत्यार आलं की हाताला चैन पडत न्हाई, आन मंग समद्यांच्या अडचणी हत्याराजोग्या दिसाय लागत्यात. लोकांनी बघावं आसं वाटत व्हतं. आन भ्याव व्हतं. तिनं इकलं तर माझ्या बांधाला पुण्यावाल्याचं कंपाउंड, गेट, मोठालं कुत्रं. मला माझ्या शेजारात दुसरा कोनी नको व्हता. "ह्यातलं खरं कारण कोन्तं, त्ये मला आजबी सांगता याचं न्हाई," ते म्हणाले. "मी तिला तोंडानं कणवेचं सांगितलं, आन मलाबी तेच खरं वाटत व्हतं. तितंच घोळ झाला. नुसता चोर आस्तो तर ती वराडल्यावर पळालो आस्तो."

 

मग ते म्हणाले, "लंकेत आमी गेलो तवा बायांनी हार घातले आमाला. पुढं त्याच घरांची दारं लागली. मी तवा साधा जवान व्हतो, मला कशापायी धाडलं, का ठिवून घेतलं, कोन इचारणार? तितं मला दिल्लीनं धाडलं व्हतं. हितं हौसाबाईच्या रानात मीच दिल्ली आन मीच पलटण. तवा मला कळलं, वर बसून ठरवनाऱ्याच्या पोटात काय चालतं त्ये."

मंडळी, मी काही सुभेदारांच्या प्रत्येक शब्दाला मान डोलावणारा नव्हतो. मी भांडलो त्यांच्याशी. म्हणालो, सुभेदार, हे बरं आहे! उद्या शेजारच्या घराला आग लागली, आतून किंचाळ्या ऐकू येतायत, तरी मी बोलावण्याची वाट बघत बसू? जगात अशी घरं आहेत. तिथला मालकच आपल्या माणसांना जाळत असतो. तिथं ताकदवाल्यानं जायचं नाही तर कुणी जायचं?

त्यावर ते रागावले नाहीत. म्हणाले, "जायाचं. पळत जायाचं. पन आग इझली की बादली घिऊन माघारी याचं. तितं खाट टाकायची न्हाई. आन बोलावल्यालं आसलं तरी ध्येन ठिवायचं, बोलावणं शिळं व्हतं. आमाला बोलावलंच व्हतं की लंकेत." मी म्हटलं, आग खरंच विझली का हे ठरवायचं कुणी? या एका प्रश्नावर आम्ही कित्येक सकाळी घालवल्या, आणि तो प्रश्न ते तसाच ठेवून गेले. आता कुणाशी भांडू मी?

पण एक सांगतो. अमेरिकेचं काय करायचं ते आमच्या बाकड्यावर ठरणार नव्हतं. सुभेदारांनी स्वतःचं ठरवलं. न बोलावता जायचं नाही. तुम्हाला वाटेल, त्यात काय अवघड? घरी तर बसायचं! ज्याच्या अंगात रग आहे, दारात टिलर आहे, आणि समोर काम अडलेलं दिसतंय, त्यानं घरी बसून दाखवावं. दरवर्षी हौसाबाईंची इर्जिक व्हायची. दरवर्षी निरोप सगळ्या घरांना जायचा, यांच्या घरावरून पुढं जायचा. सुभेदार ओसरीवर बसून राहायचे. लोक म्हणायचे, "चला की सुभेदार, आता कोन काय म्हनतंय!" ते म्हणायचे, "मला सांगावा न्हाई." वहिनी, तुम्ही त्यांना त्या दिवशी दळण आणायला मुद्दाम कोळवणात धाडायचात. खरं ना? घरात त्यांची तगमग बघवायची नाही.

आणि मग यंदाचा जून. हौसाबाई आजारी पडल्या. इर्जिक बोलावलीच नाही. रान पुन्हा तसंच. जीपगाड्या पुन्हा यायला लागल्या. भाऊबंद रोज ओसरीवर येऊन बसायचे, विकून टाक म्हणून. सगळी वाडी सुभेदारांकडं बघत होती. आता तरी जातील, आता तर आगच लागलीय.

सुभेदार गेले. पण टिलर नेला नाही. धुतलेला सदरा घालून गेले. हौसाबाईंच्या अंगणाच्या बाहेर उभे राहिले, आणि तिथूनच विचारलं, "हौसाबाई, माझ्याजोगं काय काम हाय का?"

हौसाबाईंनी आतून सांगितलं, "न्हाई."

सुभेदार म्हणाले, "बरं." आणि परत फिरले.

तिथून एसटीनं सरळ पौडला आले, माझ्या दुकानात. मी घाबरलो, म्हटलं एवढ्या घाईनं आले, काय झालं? तर चेहरा असा खुललेला की लेकीचं लग्न ठरलंय. म्हणाले, "तांबोळी, चहा सांग. आज मी इचारलं. ती न्हाई म्हनली. आन मी आलो की माघारी!" मला आधी हसू आलं, मग माझे डोळे भरले. लष्करात त्यांना मेडल मिळालं होतं, ते त्यांनी मला कधी दाखवलं नाही. हे मात्र सांगायला ते भर उन्हाचे आले होते.

हौसाबाई पुढं बऱ्या झाल्या. एकच खाचर लावलं त्यांनी यंदा, दुसरं ठेवलं तसंच. त्यांचं रान, त्यांची मर्जी. जमीन अजून त्यांच्याच नावावर आहे.

आता संपवतो. सरपंचांनी काल मला सांगितलं होतं, तांबोळी, हौसाबाईंनाही दोन शब्द बोलायला लावा, सभेला बरं दिसेल. म्हणून आज सकाळी मी त्यांच्याकडं गेलो. विचारलं, "सभेत बोलाल का?" त्या भात वारवत होत्या. मान न उचलता म्हणाल्या, "न्हाई." मी बरं म्हटलं आणि निघालो. पुन्हा विचारलं नाही. सुभेदारांच्या शोकसभेसाठी त्यांना दुसऱ्यांदा विचारलं असतं, तर मला माझीच लाज वाटली असती.

मी अंगणाबाहेर आलो, तेव्हा त्यांनी मागून हाक मारली. सूप खाली ठेवलं. म्हणाल्या, "तुमी बोलनार ना? मंग येवढं सांगा. आमचे हे गेल्यापासनं ह्या दारात लई जन आले. भाऊबंद आले, दलाल आले, गाडीवाले आले, चांगल्याचं सांगनारेबी आले. समद्यांना मी न्हाई म्हनले. न्हाई म्हनल्यावर माघारी गेला, त्यो ह्यो येकटाच."

मंडळी, त्यांचा निरोप मी पोचवला. उठा, सगळे उभे राहू या. दोन मिनिटं कुणी काही बोलायचं नाही.